नक्षत्रसूचक आणि दैवज्ञ : गोदाकाठच्या ज्योतिषाचा उतार आणि चढ

‘ज्योतिष’ या एका शब्दाखाली प्राचीन भारतात निदान तीन वेगळ्या गोष्टी नांदत होत्या. पहिली कालगणना: यज्ञाची वेळ ठरवण्यासाठी सूर्य, चंद्र आणि नक्षत्रे यांचा हिशोब. लगधाच्या नावावर असलेल्या वेदांगज्योतिषात हा हिशोबच आहे. त्यात कोणाचे भविष्य सांगितलेले नाही. दुसरी नक्षत्रविद्या: चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे यावरून दिवसाचे बरेवाईट ठरवणे, उल्कापात, ग्रहणे, भूकंप, स्वप्ने आणि अंगावरच्या खुणा यांचा अर्थ लावणे. तिसरी जातक: जन्मवेळेचे लग्न, बारा राशी, बारा स्थाने आणि ग्रहांच्या दृष्टी यांवरून माणसाचे आयुष्य वाचणे. आज ‘पत्रिका’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते ती ही तिसरी गोष्ट, आणि तिन्हींत ती सर्वांत उशिराची. ज्योतिषाचा उतार आणि पुन्हा चढ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा उतार दुसऱ्या गोष्टीचा असतो आणि चढ तिसरीचा. हा फरक सोडला तर सगळा इतिहास गोंधळाचा होतो.

गोदावरीचे मधले खोरे, म्हणजे आजचा नांदेड-लातूर-परभणीचा टापू, या बदलाचा माग काढायला विशेष सोयीचे आहे. प्राचीन अश्मक जनपद याच पट्ट्यातले. बौद्धांच्या सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एक असलेल्या सुत्तनिपातात बावरी नावाच्या ब्राह्मणाची कथा येते. तो अश्मकांच्या प्रदेशात, शेजारच्या मूलक प्रदेशाच्या सीमेजवळ, गोदावरीच्या काठी आश्रम करून राहत होता. एका रागावलेल्या याचकाने त्याला डोक्याचे सात तुकडे होतील असा शाप दिला. घाबरलेल्या बावरीने आपले सोळा शिष्य प्रतिष्ठानमार्गे उत्तरेकडे बुद्धाच्या शोधात पाठवले. समोरचा माणूस खरोखर बुद्ध आहे की नाही हे ओळखायची त्याने सांगितलेली रीत मोठी बोलकी आहे: महापुरुषाची बत्तीस लक्षणे त्याच्या अंगावर आहेत का ते पाहा. म्हणजे गोदाकाठचा हा विद्वान लक्षणविद्येत पारंगत होता, आणि कथा सांगणाऱ्याला त्यात काही गैर वाटलेले नाही.

त्याच सुत्तनिपातात दुसऱ्या ठिकाणी मात्र बुद्धाच्या अनुयायाने काय करू नये याची यादी आहे. आथर्वण मंत्रतंत्र, स्वप्नांचा अर्थ, लक्षणे आणि नक्षत्रे या चारही गोष्टी तीत मोडतात. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात ही यादी आणखी लांबते. चंद्रग्रहण आणि सूर्यग्रहण कधी होईल, पाऊस बरा होईल की अवर्षण पडेल, राजाची स्वारी यशस्वी होईल की नाही, लग्नाला दिवस कोणता, असले सांगून पोट भरणे ही तिथे हलकी विद्या ठरते. इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. हे भाकीत खोटे ठरते, असे ब्रह्मजालसुत्त म्हणत नाही. ग्रहण होईल असे सांगितले आणि ते झाले, तरीही भिक्षूच्या दृष्टीने ते पोटभरूपणच. आक्षेप विद्येच्या खरेपणावर नव्हता, तिच्यावर चालणाऱ्या उपजीविकेवर होता. नक्खत्तजातकात एक पाऊल पुढे पडते: नक्षत्र चांगले नाही म्हणून लग्नाला न गेलेल्या वराकडच्या मंडळींची वधू दुसऱ्याच कुटुंबात दिली जाते, आणि कथेतला शहाणा माणूस विचारतो की ताऱ्यांचा यात काय संबंध. पण अशी सरळ विचारणा विरळाच.

ब्राह्मणी शास्त्रांचा सूर फारसा वेगळा नव्हता. मनुस्मृतीने श्राद्धाला कोणाला बोलावू नये याची यादी दिली आहे. तीत हत्ती, बैल, घोडे आणि उंट वठणीवर आणणाऱ्यांच्या पंगतीलाच नक्षत्रांवर जगणारा माणूस बसवला आहे. संन्याशाने उत्पात किंवा नक्षत्रे सांगून भिक्षा मिळवू नये, असेही तीच स्मृती सांगते. बौद्ध आणि स्मार्त, एरवी एकमेकांशी भांडणारे हे दोन पक्ष नक्षत्रावर पोट भरणाऱ्याच्या बाबतीत एकमताचे होते.

कौटिल्याचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे, आणि याच प्रदेशाशी त्याचा एक धागा जुळतो. अर्थशास्त्रात निरनिराळ्या प्रदेशांतल्या पावसाचे माप द्रोणांत दिले आहे. अवंतीला २३ द्रोण, तर अश्मकाला साडेतेरा. मराठवाड्याच्या अवर्षणाची ही बहुधा सर्वांत जुनी शासकीय नोंद म्हणावी लागेल. त्याला लागूनच पाऊस कसा ओळखावा हे येते: गुरूचे स्थान आणि गती, शुक्राचा उदय आणि अस्त, सूर्याच्या बिंबातले फेरफार. म्हणजे ग्रहांवरून पावसाचा अंदाज कौटिल्याला चालत होता. राजसेवकांच्या वेतनयादीत कार्तांतिक, नैमित्तिक आणि मौहूर्तिक यांना वर्षाला एक हजार पण नेमलेले आहेत. हेरांना ज्योतिष्याचे सोंग घ्यायला सांगणाराही तोच. पण राजाच्या हाती आलेला लाभ कशाने निसटतो हे सांगताना तो फार नक्षत्रे विचारणाऱ्याला पोरकट ठरवतो आणि म्हणतो की अर्थाचे नक्षत्र अर्थच, तारे काय करणार. यात विसंगती शोधायचे कारण नाही. राज्य चालवणाऱ्याला ज्योतिषी उपयोगी माणूस वाटत होता. ज्योतिषाच्या नादाने निर्णय लांबवणे त्याला परवडणारे नव्हते.

अशोकाने नवव्या शिलालेखात आजारपण, लग्न, जन्म आणि प्रवास या वेळी लोक जी नाना मंगलकृत्ये करतात ती क्षुद्र आणि निष्फळ ठरवली. या लेखाचा एक तुकडा महाराष्ट्रातही, सोपाऱ्याजवळ सापडला आहे. मात्र त्याच सम्राटाचे कलिंगातले आदेश तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवायचे होते, आणि तिष्य व पुनर्वसू या दिवसांना त्याच्या स्तंभलेखात वेगळा मान आहे. नक्षत्र हा तेव्हाच्या कालगणनेचा कणा होता. त्याला हटवणे कोणाच्याच हातात नव्हते, आणि कोणी तसा प्रयत्नही केला नाही.

उतार खरोखर किती होता, हे ग्रंथांपेक्षा दानलेखांच्या तारखांवरून अधिक विश्वासाने सांगता येते. ग्रंथकार आपल्याला हवे ते लिहितो. दानपत्राचा लेखक मात्र चालू प्रघातच लिहितो. नाशिकच्या लेणीतला गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख सातवाहन राजा पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, ग्रीष्माच्या दुसऱ्या पक्षात, तेराव्या दिवशी कोरला गेला. ऋतू, पक्ष, दिवस, बस. वार नाही, नक्षत्र नाही, ग्रहणाचा उल्लेख नाही. अडीचशे वर्षांनंतरही चित्र तेच. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशीमला सापडला. त्यात नंदिकटाच्या उत्तर मार्गातले आकाशपद्द नावाचे गाव दान दिले आहे. नंदिकट म्हणजे आजचे नांदेड. नांदेडच्या प्रशासकीय इतिहासातला हा फार जुना दस्त, आणि त्यावरची तारीख आहे राज्यवर्ष ३७, हेमंताचा पहिला पक्ष, दिवस चौथा. चौथ्या शतकातल्या या राजाने दान देताना मुहूर्त पाहिलाच नसेल असे नाही. पण पाहिला असला तरी तो पत्रावर नोंदवण्याइतका महत्त्वाचा वाटला नाही.

या ताम्रपटातली दुसरी गोष्ट तितकीच लक्षणीय आहे. दान घेणारे ब्राह्मण अथर्ववेदी होते. राजाच्या पुरोहिताला दैव, निमित्ते आणि आथर्वण उपाय ठाऊक असावेत, असे अर्थशास्त्र सांगते, आणि अथर्ववेदाच्या परिशिष्टांतले पहिलेच परिशिष्ट नक्षत्रकल्प हे आहे. म्हणजे नक्षत्रविद्येचे वाहक राजाच्या ओसरीवर होते. स्तूपांवरच्या आणि लेण्यांतल्या दानलेखांत पुस, फगुन, मूल, विसाखा अशी नक्षत्रांवरून पडलेली नावे सर्रास येतात. बारशाला नक्षत्र विचारले जात होते हे त्यावरून उघड आहे. तेव्हा उतार याचा अर्थ लोप असा घेऊ नये. ही विद्या घरात आणि पुरोहिताच्या पोथीत जिवंत होती. तिला अजून शास्त्राची प्रतिष्ठा मिळालेली नव्हती, इतकेच.

ही प्रतिष्ठा यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, वाटेने आली. लातूरपासून जवळच असलेले तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या प्रवासपुस्तकात नोंदलेले आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची मोठी बाजारपेठ. तिथले कापड बैलगाड्यांनी भडोचला जाई आणि तिथून जहाजाने पश्चिमेला. कार्ले, जुन्नर आणि नाशिक इथल्या लेण्यांत स्वतःला यवन म्हणवणाऱ्या दात्यांची नावे आहेत. माल ज्या वाटांनी गेला त्याच वाटांनी विचारही आले. ग्रीक जातकशास्त्राचा संस्कृत अवतार असलेला यवनजातक हा ग्रंथ स्फुजिध्वजाच्या नावावर आहे. त्याचे संपादन करणारे डेव्हिड पिंग्री यांनी मूळ भाषांतर सन १४९ चे आणि पद्यरूप सन २६९ चे ठरवले होते. बिल माक यांनी २०१३ मध्ये नव्या हस्तलिखित पुराव्याच्या आधारे या दोन्ही तारखांना हरकत घेतली. तारीख काहीही ठरो, शब्दांची साक्ष लपत नाही. होरा, केंद्र, पणफर, आपोक्लिम, द्रेष्काण आणि जामित्र हे शब्द संस्कृत धातूंतून काढायला गेले तर ओढाताण होते. ग्रीकात ते सहज सापडतात. जामित्र म्हणजे लग्नापासून समोरचे सातवे स्थान, ग्रीक ‘दियामेत्रोन’. कालिदासाने कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात शिवपार्वतीच्या लग्नाची तिथी जामित्रशुद्ध आहे असे नोंदवले आहे. साक्षात महादेवाच्या लग्नाचा मुहूर्त ग्रीक शब्दाने शुद्ध ठरावा आणि कोणालाच ते खटकू नये, यावरून हा शब्द तोवर किती घरचा झाला होता ते कळते.

वराहमिहिराला मात्र या उसनवारीची जाणीव होती आणि तिचा संकोच नव्हता. त्याने बृहत्संहितेत म्हटले आहे की यवन हे म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात चांगले रुजले असल्याने त्यांचाही ऋषींसारखा मान होतो. पंचसिद्धांतिकेचा आरंभकाल त्याने शके ४२७, म्हणजे सन ५०५ धरला. त्याच सुमारास वार रूढ होऊ लागले होते. भारतीय कोरीव लेखांत वाराचा जो सर्वांत जुना निःसंशय उल्लेख मानला जातो, तो मध्यप्रदेशातल्या एरणच्या बुधगुप्ताच्या स्तंभलेखातला: गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार, म्हणजे २१ जून ४८४. वार ही दिसायला साधी गोष्ट आहे, पण तिचा क्रम ग्रहांच्या होऱ्यांवरून ठरतो. शनीनंतर रवी आणि रवीनंतर सोम का, याचे उत्तर होरा समजल्याशिवाय मिळत नाही. वार स्वीकारला म्हणजे दिवसाचा स्वामी ग्रह स्वीकारला.

नव्या ज्योतिषापुढे जुन्या निंदेचा प्रश्न होताच. मनूने नक्षत्रावर जगणाऱ्याला श्राद्धाच्या पंगतीतून उठवले होते. त्याच माणसाला राजसभेत मानाचे आसन द्यायचे कसे? वराहमिहिराने बृहत्संहितेच्या दुसऱ्या अध्यायात यातून जी वाट काढली ती चतुर होती. त्याने निंदा खोडून काढली नाही, वाटून दिली. ग्रहगणित, सिद्धांत, होरा आणि संहिता हे सारे शिकलेला तो दैवज्ञ. त्याच्याविना राजा म्हणजे दिव्याविना रात्र. आणि शास्त्र न शिकता जो तिथी आणि नक्षत्रे सांगत फिरतो तो नक्षत्रसूचक. तो पापी आणि पंक्ती बिघडवणारा. मनूचा शब्द खरा राहिला, फक्त तो दुसऱ्याला उद्देशून ठरला. जुना आक्षेप उपजीविकेवर होता म्हणूनच हे जमले. उपजीविका प्रतिष्ठित करता येते: तिला कठीण गणिताचे शिक्षण, राजाची नेमणूक आणि ग्रंथपरंपरा जोडली की काम भागते. विद्या खरी की खोटी, हा आक्षेप असता तर दैवज्ञ आणि नक्षत्रसूचक दोघेही एकाच वेळी उभे राहिले असते किंवा एकाच वेळी पडले असते.

कर्मसिद्धांताशी तडजोड याहून सोपी गेली. ग्रह माणसाचे काही करत नाहीत, मागच्या जन्मी साचलेले कर्म केव्हा फळणार ते फक्त दाखवतात, जसा अंधारातल्या वस्तू दिवा दाखवतो. अशी भूमिका वराहमिहिराच्या लघुजातकात आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने दैव आणि पौरुष यांना रथाची दोन चाके मानले, एका चाकाने रथ चालत नाही असे म्हटले. आणि तरीही आचाराध्यायात नवग्रहशांतीचे सविस्तर विधान दिले, कोणत्या ग्रहाची मूर्ती कोणत्या धातूची इथपर्यंत. राजांचे चढणे-पडणे ग्रहांच्या अधीन असल्याने ग्रह पूज्य होत, असेही त्या प्रकरणात आहे. मनुस्मृतीत ग्रहशांती नाही. या दोन स्मृतींमधल्या काळात केवढे अंतर कापले गेले ते इतक्यावरून दिसते. तर्काने पाहिले तर दिव्याची उपमा आणि शांतीचा विधी एकमेकांना मारक आहेत. दिवा फक्त दाखवत असेल तर दिव्याची पूजा करून वस्तू बदलायची कशी? पण विधी चालू राहिला आणि प्रश्न टीकाकारांच्या पानांत मिटला.

अश्मकाचे नाव या टप्प्यावर आणखी एका माणसाशी जोडले जाते. सन ४९९ चा उल्लेख आपल्या ग्रंथात करणारा आर्यभट आपण कुसुमपुराला असल्याचे सांगतो. पण त्याचा टीकाकार पहिला भास्कर त्याच्या ग्रंथाला अश्मकतंत्र म्हणतो आणि दुसरा टीकाकार नीलकंठ त्याचा जन्म अश्मकातला सांगतो. आर्यभटीयात फलज्योतिष अजिबात नाही. पृथ्वी फिरते, ग्रहणे छायेमुळे होतात, हे त्यात आहे. गणित आणि फल हे वेगळे ठेवता येतात हे त्या काळातही माहीत होते, याचा हा पुरावा. पुढच्या लोकांनी ते वेगळे ठेवले नाहीत, कारण गणित करणाऱ्याला दान आणि नेमणूक फलासाठी मिळत होती.

सातव्या-आठव्या शतकापासून दख्खनच्या लेखांतली तारीख फुगत जाते. शक, संवत्सराचे नाव, महिना, पक्ष, तिथी आणि वार. पुष्कळदा नक्षत्र, संक्रांत किंवा ग्रहण. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरपुरवराधीश्वर म्हणवत, म्हणजे लातूरचे मूळ स्वामी. अमोघवर्षाच्या काळचा धारवाड भागातल्या शिरूरचा शिलालेख ही पदवी नोंदवतो आणि तारीख देतो: शके ७८८, व्यय संवत्सर, ज्येष्ठ अमावास्या, रविवार, सूर्यग्रहण. गणित करून पाहिले की १६ जून ८६६ हा दिवस येतो, आणि तो रविवारच आहे. विंध्यशक्तीच्या ‘हेमंत, पहिला पक्ष, दिवस चौथा’ या तारखेपासून इथवर पाचशे वर्षांचे अंतर आहे, पण लिहिणाऱ्याच्या डोक्यातली काळाची कल्पना त्याहून जास्त बदलली आहे. काळ आता सारखा उरलेला नाही. काही क्षण दान द्यायला अधिक फलदायी झाले आहेत. ग्रहणात दिलेल्या जमिनीचे पुण्य कित्येक पट, म्हणून ग्रहण कधी आहे हे आधी सांगणारा माणूस दरबारात हवा. दानाची ही व्यवस्थाच दैवज्ञाला पोसत होती. नुसत्या श्रद्धेवर कुठलेही शास्त्र पाचशे वर्षे तग धरत नाही.

लातूरच्या पापविनाश मंदिराजवळचा शिलालेख शके १०४९ चा. त्यात सोमेश्वर राजाचे नाव येते आणि नगरात नाना शास्त्रांचे पाचशे विद्वान होते असे म्हटले आहे. आकडा गोल आहे हे ध्यानात ठेवावे. हा राजा म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांचा तिसरा सोमेश्वर, मानसोल्लास या राजविद्याकोशाचा कर्ता. मानसोल्लासात ग्रहगणितासाठी शके १०५१ हे आरंभवर्ष घेतले आहे आणि स्वारीच्या प्रकरणात मुहूर्त आणि शकुन यांना ऐसपैस जागा मिळाली आहे. कौटिल्यासारखाच हाही राजकारणाचा ग्रंथ. पण कौटिल्याने ज्याला पोरकट म्हटले ते सोमेश्वराच्या ग्रंथात राजाचे शिक्षण झाले आहे. मध्ये वराहमिहीर येऊन गेला होता.

वराहमिहिराच्या त्याच बृहत्संहितेत भूकंपावर एक अध्याय आहे. त्यात आधीच्या आचार्यांची मते दिली आहेत: पाण्यातले प्रचंड प्राणी हलतात, पृथ्वी धरणारे दिग्गज दमून सुस्कारे टाकतात, वारे आपटतात, लोकांचे अदृष्ट फळते. मग भूकंपाची वेळ आणि नक्षत्र यांवरून फळे सांगितली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गणपती विसर्जनाहून येऊन झोपलेल्या किल्लारीवर जे कोसळले, ते माहीत असलेल्या लातूरकर वाचकाला ही पाने वाचताना अवघडल्यासारखे होते. पण संहिता-ज्योतिषाचे मूळ काम हेच होते: जे आकळत नाही त्याला काळाच्या चौकटीत बसवणे.

सोमेश्वराची राजधानी कल्याणी, आजचे बसवकल्याण, निलंग्याच्या पलीकडे कर्नाटकाच्या हद्दीत आहे. शे-पाऊणशे वर्षांच्या आत ग्रहांविषयीची दोन टोकाची मते या एका गावातून निघाली. विक्रमादित्य सहावा (१०७६–११२६) राज्य करत असताना विज्ञानेश्वराने इथे याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. वारसाहक्कामुळे ती जगभर गाजली, पण ग्रहशांतीचे प्रकरणही त्याच टीकेत आहे, आणि मिताक्षरेचा अधिकार जसजसा पसरला तसतसा तोही विधी धर्मशास्त्राच्या छत्राखाली पक्का झाला. त्यानंतर राजा बिज्जलाच्या काळात, बाराव्या शतकाच्या मध्यावर, बसवण्णांनी याच कल्याणीत शरणांची मंडळी उभी केली. आपली माणसे म्हणतील तेव्हा शुभलग्न, चंद्रबल आणि ताराबल आहेच समजा, असा त्यांच्या वचनाचा भाव आहे. राशी पाहायची नाही, गण पाहायचे नाहीत, उद्याच्या दिवसापेक्षा आजचा दिवस बरा. हा आक्षेप मनूसारखा ज्योतिष्याच्या पोटावर नव्हता. तो थेट मुळावर घाव होता: शिवाने केलेल्या दिवसांत अशुभ दिवस असेलच कसा? लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत लिंगायत समाज मोठा आहे. वचनांचा आदर आणि पंचांगाचा वापर ही दोन्ही तिथल्या घरांत एकत्र राहतात. घरे ग्रंथांइतकी सुसंगत कधीच नसतात.

यादवांच्या काळात दैवज्ञांची घराणीच राजाश्रयाने उभी राहिली. दुसऱ्या भास्कराचा सिद्धांतशिरोमणी शके १०७२ चा (सन ११५०). ज्योतिषाचे फळ म्हणजे भाकीत, भाकीत लग्नावर अवलंबून, लग्न ग्रहांच्या अचूक स्थितीवर आणि ती गोलगणितावर. म्हणून गोल शिका, असा त्याचा युक्तिवाद गोलाध्यायात आहे. गणिती मनाचा माणूस फलज्योतिषाचा उपयोग गणित शिकवायला करून घेतो आहे, असे वाटते. भास्कराचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या पदरी होता. त्याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. त्या शिलालेखातले दान १२०७ सालच्या श्रावणातल्या चंद्रग्रहणाला दिलेले आहे आणि त्यातल्या करांच्या ओळी मराठी आहेत. खानदेशातल्याच बहाळचा शिलालेख शके ११४४ चा. तो याच कुळातल्या अनंतदेवाचा. सिंघणाच्या या मुख्य ज्योतिष्याने ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातल्या एका अध्यायावर आणि वराहमिहिराच्या बृहज्जातकावर टीका लिहिल्या. एक टीका गणितावर, दुसरी जातकावर, मनात काही फारकत नाही. भास्कराची मुलगी लीलावती हिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्राच्या छिद्रात मोती अडकून चुकला, ही सर्वश्रुत गोष्ट मात्र या लेखांत कुठेच नाही. ती फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादातून पसरली. ज्योतिष्याचाच मुहूर्त हुकवणारी ही कथा लोकांना इतकी आवडावी, यातही काहीतरी आहे.

यादवांची देवगिरी पडल्यावर राजाश्रय गेला, विद्या गेली नाही. ती गोदाकाठच्या गावांत उतरली. पाथरीला, म्हणजे प्राचीन पार्थपुराला, ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास सिद्धांतसुंदर लिहिला. पुराणांतली सपाट पृथ्वी आणि सिद्धांतांतली गोल पृथ्वी यांचा मेळ घालण्याची धडपड त्यात आहे. त्याचा मुलगा सूर्यदास याने लीलावतीवर आणि बीजगणितावर टीका केल्या, तर ज्ञानराजाचा शिष्य ढुंढिराज याने जातकाभरण लिहिले. ते आजही कुंडली शिकणाऱ्यांच्या हातात असते. गोदावरीच्या उत्तर काठावरच्या गोलग्रामचे दिवाकराचे घराणे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाच्या परंपरेतले. दिवाकराच्या वंशजांनी पुढे काशी गाठली आणि तिथे कमलाकराने १६५८ मध्ये सिद्धांततत्त्वविवेक पुरा केला. गणेश दैवज्ञाच्या १५२० च्या ग्रहलाघवाने ज्या आणि चाप यांचे त्रिकोणमितीय गणित टाळून आकडेमोड सोपी केली, आणि पंचांग करणे दरबारी विद्वानाऐवजी गावच्या जोशालाही शक्य झाले.

मराठी मुलखात गावोगाव जोशीपणाची वतने होती: पाडव्याला पंचांग वाचणे, लग्नाची तिथी काढणे, मुलाचे नाव सांगणे आणि त्याबद्दल शेतकऱ्याकडून सुगीत धान्य घेणे. याच मुलखात कुडमुडे जोशी, पिंगळे आणि मेढंगी जोशी दारोदार भविष्य सांगत फिरत. वतनदार जोशी त्यांना ज्योतिषी मानायला तयार नसे. दैवज्ञ आणि नक्षत्रसूचक ही वराहमिहिराची विभागणी अशा रीतीने जातींच्या उतरंडीत उतरली. विद्येच्या खरेपणाची परीक्षा महाराष्ट्रात अगदी अलीकडे झाली. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतल्या मुलांच्या दोनशे कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस पाठवल्या आणि गट ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले, नाणेफेकीच्या आसपासचे. २००९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

शेतात मात्र अजून सर्वांत जुना थर बोलतो. लातूर-नांदेडच्या काळ्या रानात पेरणीची भाषा रोहिणी, मृग आणि आर्द्रा यांची आहे. यंदा मृगाचे वाहन बेडूक की गाढव, म्हैस की कोल्हा, हे पाडव्याच्या पंचांगातून ऐकून घेतले जाते, आणि पावसाचा अंदाज त्यावरून धरला जातो. त्यात लग्न नाही, केंद्र नाही, जामित्र नाही. नक्षत्र आणि पाऊस ही जोडी अर्थशास्त्राने साडेतेरा द्रोणांचा हिशोब लिहिला तेव्हाही होती.